पूर्वसूचनेशिवाय

सरकार आपल्यासाठी काहीतरी चांगलं करणार आहे हे कळलं, तेव्हा जमादारांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "कुणाच्या सांगण्यावरून?"

यात त्यांचा दोष नव्हता. नोकरीतली निम्मी वर्षं त्यांनी साध्या कपड्यांत लोकांच्या मागे चालण्यात घालवली होती. या कामाला खात्यात पाळत म्हणतात. त्यासाठी न कंटाळणारे डोळे लागतात आणि न कुरकुरणारे पाय. डोळे अजून ठणठणीत होते. पाय मात्र सरकारजमा झाला होता. एका घरफोड्याच्या मागे जिना चढताना घरफोड्याने वळून त्यांना एक लाथ घातली आणि जमादार आले त्याच वाटेने खाली गेले, फक्त पायांऐवजी पाठीवरून. डाव्या गुडघ्यात तेव्हा जे खिळे बसले ते अजून आत आहेत. घरफोड्या वर्षभरात सुटला.

नोकरीत जायबंदी झालेल्या पोलिसाला थोडी जास्त पेन्शन मिळे. ती साठीपर्यंत. साठ पूर्ण झाली की ती साधी होई. जुना कायदा करणाऱ्यांची समजूत अशी दिसत होती, की साठाव्या वाढदिवशी गुडघा आपोआप बरा होतो. आता नवं विधेयक येत होतं : जायबंदी पेन्शन हयातभर चालू राहावी. जमादारांना पुढच्या उन्हाळ्यात साठ पूर्ण होत होती. विधेयक आधी येतं की साठी, एवढाच प्रश्न होता.

प्रश्न पैशांचा कमी आणि जिन्याचा जास्त होता. जमादार आणि त्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणे, तळमजल्यावर भाड्याने राहत. दार उघडलं की रस्ता. साध्या पेन्शनीत तळमजला परवडणार नव्हता. मग उरलं मुलाचं घर. मुलगा गुणी होता, सून त्याहून गुणी होती, आणि दोघं चौथ्या मजल्यावर राहत. तिथे लिफ्टसाठी जागा सोडलेली होती आणि त्या जागेत सगळ्यांच्या सायकली होत्या. "या हो बाबा, कधीही या, घर तुमचंच आहे," मुलगा दर रविवारी फोनवर म्हणे. त्याच इमारतीत एका आजोबांना असंच प्रेमाने वर नेलं होतं. पुढे ते एकदाच खाली आले आणि तेव्हा त्यांना काही कळत नव्हतं.

जायबंदी निवृत्त पोलीस संघटनेची बैठक बोलावली गेली. तळमजल्यावरच्या एका सभागृहात सगळे जमले. त्या दिवशी सगळेच जण नेहमीपेक्षा जरा जास्त लंगडत होते. सेक्रेटरींनी विधेयकाचा मसुदा वाचायला घेतला. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे, त्यामुळे कुठल्याही मतदानात ते तटस्थ धरले जात.

"हयातभर," सेक्रेटरींनी वाचलं, आणि टाळ्या पडल्या. ज्यांना टाळी वाजवता येत नव्हती त्यांनी मांडीवर थाप मारली.

"पुढे वाचा," जमादार म्हणाले. "गोम शेपटीकडे असते."

गोम कलम नऊमध्ये होती. सेक्रेटरींनी ती सावकाश वाचली. "अपंगत्व कायम असल्याची खातरजमा सक्षम अधिकारी केव्हाही, कोठेही व पूर्वसूचनेशिवाय करू शकेल."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "माणूस लावणार म्हणजे मागे."

"लावणार कशाला? लावला असेल."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे माणूस लावलेले ते लोक होते. माणूस लावणं किती सोपं असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. बैठक संपली तरी कोणी उठेना, कारण जो आधी उठेल त्याची चाल बाकीच्यांना पाठीमागून दिसणार होती. शेवटी पहारेकऱ्याने दिवे बंद केले तेव्हा अंधारात सगळे एकदम बाहेर पडले.

त्याआधी एक निर्णय झाला होता. विधेयकावर विधिमंडळाची समिती सुनावणी घेणार होती आणि संघटनेचा एक साक्षीदार हवा होता.

"जमादार, तुम्ही जा," सेक्रेटरी म्हणाले. "कोर्टात उभं राहायची सवय आहे तुम्हाला."

"मीच का?"

"तुमचा गुडघा दिसतो हो. बाकीच्यांचं सगळं आतलं आहे."

घरी आल्यावर जमादारांनी पडदा अर्धा ओढून घेतला.

"आता काय झालं?" काकूंनी विचारलं.

"साक्षीदार झालो. साक्षीदारावर साक्षीआधी पाळत असतेच. मी स्वतः ठेवलेली आहे."

"आणि पडद्याने पाळत जाते का?"

"पडद्याआडून पाळत ठेवणारा दिसतो," जमादार म्हणाले, आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसले.

तो चौथ्या दिवशी दिसला. समोरच्या फुटपाथवर झाडाखाली एक बाक होता. त्यावर राखाडी टोपी घातलेला एक माणूस वर्तमानपत्र घेऊन बसला होता. जमादारांनी बराच वेळ पाहिलं. वाचणारा माणूस पान उलटतो. पाळत ठेवणारा उलटायला विसरतो. टोपीवाल्याने पान उलटलं नाही. मधेच त्याने मान न वळवता फक्त डोळे वळवून त्यांच्या खिडकीकडे पाहिलं. ही नजर जमादारांच्या ओळखीची होती. तीच त्यांनी कित्येक वर्षं वापरली होती.

दुसऱ्या दिवशी टोपीवाला पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही.

जमादार आता दुकानात जाताना एकाऐवजी दोन काठ्या घेऊ लागले. दुसरी काठी माळ्यावर पडली होती. तिची मूठ गुळगुळीत झालेली, म्हणून काकूंनी तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दिली.

"काल तर एकच होती," गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या.

"काल बाकावर जास्त गर्दी होती. आज तो एकटा आहे. नीट दिसणार त्याला."

"म्हणजे दुसरी दाखवायची आहे?"

"दाखवायची नाही. असू द्यायची."

फरक काकूंना कळला नाही, आणि त्यांनी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट झाली. त्या नवऱ्याकडे बघू लागल्या. तो स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येताना किती पावलं भिंत धरतो, उठताना आधी कुठला हात टेकवतो. इतकी वर्षं त्यांनी वरच्या फळीवरचं सगळं स्वतः काढून दिलं होतं, बादली उचलली होती, मोजे घातले होते, आणि कधी विचार केला नव्हता. आता विचार येऊ लागला. वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा मात्र आपोआप रिकामा होत होता.

"अहो, बिस्किटं कोण खातं?"

"पाहुणे आले होते ना."

"पाहुणे आता येतात कुठे? पडदा लावलेला असतो."

संशयिताचा गप्प राहण्याचा हक्क जमादारांनी आयुष्यात पहिल्यांदाच वापरला.

एका संध्याकाळी टोपीवाला बाकावरून उठला. जमादारांनी निर्णय घेतला. माणूस कुठे जातो ते पाहायचं, कुठल्या कचेरीत शिरतो ते पाहायचं, आणि समितीसमोर सांगायचं, की तुमचा माणूस अमुक इमारतीतून येतो. म्हणजे कलम नऊ उघडं पडेल. काकू बाजारात गेल्या होत्या. जमादारांनी दोन्ही काठ्या घेतल्या आणि निघाले.

इतका सावकाश पाठलाग त्या गावात आधी कधी झाला नसेल. टोपीवाला विलक्षण हळू चालत होता, हे जमादारांना सोयीचं होतं आणि संशयास्पदही. पाठ ताठ, खांदे न हलवता, फळीवर बांधल्यासारखा. कामगिरीवरचा माणूस असा चालतो, रमतगमत असल्याचं सोंग करत. शाळा सुटलेली मुलं दोघांनाही ओलांडून गेली. एक बाई मुलाची ढकलगाडी ढकलत आली, तिने "जरा बाजूला व्हा आजोबा" असं आधी जमादारांना सांगितलं आणि मग टोपीवाल्याला. टोपीवाला चष्म्याच्या दुकानापाशी थांबला आणि काचेत बघू लागला. जमादारही अलीकडच्या चपलांच्या दुकानापाशी थांबले आणि काचेत बघू लागले. पाठीमागचा माणूस काचेत दिसतो, हा धडा पहिल्याच आठवड्यात शिकवतात. धडा दोघांनाही पाठ होता.

शेवटी टोपीवाला एका जुन्या इमारतीत शिरला. तळमजल्यावर सोफे-खुर्च्या दुरुस्त करण्याचं दुकान होतं, बाजूने जिना. जमादार जिन्याखाली उभे राहिले आणि त्यांनी कान लावला. पावलं वर चालली होती. एक पाऊल, मग विश्रांती. एक पाऊल, मग विश्रांती.

वर कचेरी असणार. दारावर पाटी असणार. पाटी वाचली की काम झालं.

त्यानंतर जमादारांनी जे केलं ते कुठल्याही डॉक्टरला आवडलं नसतं. जिन्याकडे पाठ करून ते पहिल्या पायरीवर बसले. काठ्या मांडीवर घेतल्या. उजवा पाय रोवला, हात मागे टेकले, आणि बूड वरच्या पायरीवर नेलं. मग पुन्हा. मग पुन्हा. गुडघ्यातले खिळे एकेकाने आपली ओळख करून देत होते. पहिला मजला आला. पावलांचा आवाज अजून वर होता. जमादार घामाने निथळत होते आणि मनातून खूश होते. कित्येक वर्षांनी ते कामावर होते.

दुसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर त्यांची पाठ कुणाच्या तरी बुटांना लागली.

"या," टोपीवाला म्हणाला. तो पायरीवर ताठ बसला होता, टोपी मांडीवर, चेहरा पांढराफटक. "मीही म्हणत होतो, समितीचा माणूस एवढा हळू का येतोय."

"मी समितीचा?" जमादार वळता येईल तेवढे वळले. "तुम्ही समितीचे!"

"ओळखपत्र दाखवा."

"आधी तुम्ही."

"पाठलाग कोण करत होतं? तुम्ही दाखवा."

बराच वेळ कोणी दाखवलं नाही. शेवटी दोघांनी एकाच वेळी खिशात हात घातला, आणि दोघांनी एकाच वेळी जायबंदी पेन्शनरचं पिवळं कार्ड काढलं.

टोपीवाला पोलिसांच्या गाडीचा ड्रायव्हर निघाला. गाडी उलटली तेव्हा पाठीचा कणा दोन ठिकाणी मोडला होता. संघटनेच्या बैठकीला तो कधीच येत नसे.

"का?"

"खबरे असतात तिथे," ड्रायव्हर म्हणाला.

जमादारांना हे पटलं.

"मग माझ्या घरासमोर रोज येऊन का बसत होतात?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तिथपर्यंत आलं की पाठ धरते, म्हणून बसायचो. तर पहिल्याच दिवशी बघतो, समोर पडद्याआड एक माणूस माझ्यावर नजर ठेवून बसलाय. म्हटलं, सोडायचं नाही याला."

"मी तुमच्यावर नजर ठेवत होतो कारण तुम्ही माझ्यावर नजर ठेवत होतात."

"मी ठेवत होतो कारण तुम्ही ठेवत होतात."

दोघांनी यावर विचार केला. पोलिसी तर्कात कुठे चूक सापडेना.

"इथे वर कोण राहतं?" जमादारांनी विचारलं.

"काय माहीत. तुम्हाला जिना चढायला लावायचा होता. चढलात की म्हटलं, हा धडधाकट, म्हणजे समितीचाच."

"आणि तुम्ही स्वतः चढलात ते?"

ड्रायव्हरने खालच्या पायऱ्यांकडे पाहिलं. त्याच्या लक्षात ते तेव्हाच आलं असावं. त्याच्याही दाखल्यावर लिहिलं होतं, जमादारांच्याही लिहिलं होतं : जिना चढण्यास असमर्थ. आणि दोन असमर्थ माणसं दुसऱ्या मजल्याजवळ बसली होती, एकमेकांविरुद्ध डोळ्यांदेखत पुरावा.

"आपण एकमेकांना पाहिलं नाही," जमादार हलक्या आवाजात म्हणाले.

"आपली ओळखच नाही," ड्रायव्हर म्हणाला.

करार झाला. पण करार करून जिना उतरत नाही. ड्रायव्हरची पाठ आता वाकेना आणि जमादारांचा गुडघा आता सरळ होईना. अग्निशमन दलाला बोलवावं, तर नोंद होते. "बायकोने गुंडाळलीय, हात घसरणार नाही," म्हणत जमादारांनी ड्रायव्हरला टेकायला रबराच्या पट्टीची काठी दिली आणि नाइलाजाने काकूंना फोन केला.

काकू आल्या. जिन्याच्या वळणावर थांबल्या. बाजारची पिशवी हातातच होती. त्यांनी खालपासून वरपर्यंत पायऱ्या पाहिल्या, मग नवऱ्याला पाहिलं.

"म्हणजे चढता येतं," त्या म्हणाल्या.

"चढता येतं," जमादार म्हणाले. "उतरता येत नाही."

हे अगदी खरं होतं, पण त्या वेळी ते कुणालाच खरं वाटलं नसतं. काकू खाली गेल्या आणि दुकानातल्या दोन कारागिरांना घेऊन आल्या. त्यांच्याकडे कापड न चढवलेली, स्प्रिंगा उघड्या पडलेली एक खुर्ची होती. तिच्यावर बसवून आधी ड्रायव्हरला आणि मग जमादारांना खाली आणण्यात आलं. रस्त्यावर बरीच माणसं जमली होती. अग्निशमन दलाने एवढी गर्दी जमवली नसती.

तीन दिवस जमादार अंथरुणातून उठू शकले नाहीत. काकूंनी सगळं केलं, पाणी, औषध, शेक. फक्त बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेकाची पिशवी ठेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "आणि बिस्किटं?"

"काठीने. डब्याची कडी अडकवून."

"काठीने," काकू म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला की नाही हे जमादारांना कळेना. आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे वाचले, पण हा चेहरा इतक्या जवळून कधी वाचावा लागला नव्हता.

सुनावणीच्या दिवशी विधिमंडळाची लिफ्ट चालू होती. जमादारांना तिथेच संशय आला.

"जिन्याकडे बघूसुद्धा नका," सेक्रेटरी कानात म्हणाले.

मदतनीस म्हणून काकू बरोबर होत्या. बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा जमादारांना दिसलं, समोरच्या बाकावर ड्रायव्हर बसला होता, राखाडी टोपीत, हातात रबराच्या पट्टीची काठी. त्याने समितीला स्वतंत्र पत्र पाठवून स्वतःला साक्षीला बोलावून घेतलं होतं. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि कराराप्रमाणे ओळख दाखवली नाही. आधी ड्रायव्हरला बोलावलं. तो बराच वेळ आत होता. बाहेर आला तो दुसऱ्या दाराने, त्यामुळे गाठ पडली नाही.

जमादारांच्या कपाळावर आठी पडली. दोन संशयित असले की वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचे. मग प्रत्येकाला सांगायचं, दुसऱ्याने सगळं कबूल केलंय. हे त्यांनी स्वतः इतक्या वेळा केलं होतं की झोपेतही करता आलं असतं.

आत लांब टेबल होतं, पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि लालबुंद नाकाच्या, सर्दी झालेल्या अध्यक्षबाई होत्या. जमादारांनी शपथ घेतली आणि काकू आणि सेक्रेटरी मागच्या खुर्च्यांवर बसले.

"गुडघा दुखतो का हो?" अध्यक्षबाईंनी विचारलं. आवाजात आपुलकी होती. जमादार सावध झाले.

"आत्ता?"

"एरवी."

"एरवी म्हणजे कधी?"

"बरं, रोजच्या जगण्यात काय अडचणी येतात, ते तुमच्या शब्दांत सांगा."

"विचाराल त्याचं उत्तर देईन," जमादार म्हणाले. कोर्टात उलटतपासणीत टिकायचं तर आपणहून एक शब्द द्यायचा नसतो. सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले.

अध्यक्षबाईंनी नाक पुसलं. "तुमच्या आधी जे साक्षीदार येऊन गेले, त्यांना तुम्ही ओळखता?"

"नाही."

"नाही? त्यांनी तर तुमच्याबद्दल सगळं सांगितलं."

जमादारांना जवळजवळ हसू आलं. इतकी जुनी युक्ती, आणि तीही त्यांच्यावर.

"सांगितलं असेल," ते म्हणाले. "मी त्यांना कधी पाहिलेलं नाही."

अध्यक्षबाईंनी पुढ्यातल्या टिपणावर नजर टाकली. "मग त्यांच्या हातातली काठी तुमची कशी? मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे. ती तुमच्या पत्नीने गुंडाळली, हात घसरू नये म्हणून. जिन्यात तुमची स्वतःची अवस्था वाईट होती, तरी तुम्ही ती त्यांना दिलीत, असं ते म्हणाले."

जमादारांचं हसू विरलं. थापेत रबराची पट्टी नसते. थाप नेहमी मोघम असते, त्यांच्या सगळ्या थापा मोघम होत्या. ड्रायव्हर खरोखर बोलला होता. आणि जमादारांनी नुकतंच शपथेवर सांगितलं होतं, की आपण त्याला कधी पाहिलं नाही.

जबाब फिरवणारा साक्षीदार म्हणजे जमादारांच्या लेखी माणसातून उठलेला. अशा फितुरांमुळे त्यांचे किती खटले पडले होते. तळमजला डोळ्यांसमोर आला, चौथा मजला आला, लिफ्टच्या जागेतल्या सायकली आल्या. मागे काकूंच्या बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला.

"मला जबाब फिरवायचा आहे," जमादार म्हणाले.

टंकलेखकाने मान वर केली. "दुरुस्त करायचा असं लिहू?"

"फिरवायचा लिहा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाक, टोपी, चष्म्याचं दुकान, पाठमोरं बसून चढलेल्या पायऱ्या, स्प्रिंगांची खुर्ची. सांगताना ते कुणाकडे बघत नव्हते. एक बारीक चणीचे सदस्य पेन सरसावून पुढे झुकले.

"म्हणजे तुम्ही जिना चढू शकता."

"साहेब, विहिरीत पडलेल्या माणसाला तुम्ही विहिरीत उतरता येतं असा दाखला द्याल का?"

"पण चढलात कशासाठी?"

"तुमच्या कलम नऊसाठी. मी जन्मभर लोकांच्या मागे पूर्वसूचनेशिवाय चाललो. तेव्हा काही वाटलं नाही. आता पाण्याचा पेला उचलतानाही खिडकीकडे बघतो. दोन काठ्या घेतो. घरात बायकोसमोरसुद्धा खरं चालत नाही." त्यांनी हातातल्या काठीकडे पाहिलं. "खरं कसं चालत होतो, तेच आता आठवत नाही."

टंकलेखकाने विचारलं, "बायकोचं वाक्य घेऊ का?"

"घ्या," मागून काकू म्हणाल्या.

"आपण आधी शपथेवर खोटं बोललात, त्याची नोंद करावी लागेल," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"करा," जमादार म्हणाले.

बाहेर लिफ्टपाशी ड्रायव्हर काठी परत द्यायला थांबला होता. "मला वाटलं, तुम्ही बोलणार," तो म्हणाला. "म्हणून मी आधी बोललो."

"बरोबर केलंत," जमादार म्हणाले. "मीही माझ्या संशयितांना हेच सांगायचो. जो आधी बोलतो तो सुटतो."

विधेयक संमत झालं तेव्हा साठीला थोडेच दिवस उरले होते. पेन्शन हयातभर झाली. कलम नऊमधलं 'पूर्वसूचनेशिवाय' काढून 'सात दिवसांची लेखी सूचना देऊन' घातलं गेलं. संघटनेत जमादारांचा सत्कार करायचं ठरलं, पण मग सेक्रेटरींना आतली बातमी लागली. वित्त खात्याने हिशोब काढला होता, की सूचना न देता पाळत ठेवायला इतकी माणसं लागतील, की त्यातली निम्मी जायबंदी होतील आणि मग त्यांनाही पेन्शन द्यावी लागेल. जमादारांची साक्ष अहवालात 'इतर' या मथळ्याखाली होती. सत्कार रद्द झाला.

जमादारांना तपासणीची सूचना आली. ते सातही दिवस दोन काठ्या घेऊन घरात वावरले.

"तारीख मंगळवारची आहे," काकू म्हणाल्या. "आज शनिवार."

"तारीख देऊन आधी येतात. मीही तसंच करायचो."

"मग आता माझ्यासमोर चाला. नीट. मी बघते आणि मी कुणाला सांगत नाही."

जमादार खोलीच्या मध्यात उभे राहिले. दुसरी काठी त्यांनी भिंतीला टेकवली. पहिली पावलं खोटी पडली, मग थोडी कमी खोटी. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचेपर्यंत काकूंना तो माणूस थोडा ओळखीचा वाटू लागला होता. चांगलाच लंगडत होता.

मंगळवारी म्हणजे मंगळवारीच डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या. गुडघा वाकवून पाहिला, पुरता वाकला नाही. "जिना?" त्यांनी विचारलं.

जमादारांनी काकूंकडे पाहिलं. "एकदा चढलो होतो. नोंद आहे."

"वाचलीय," त्या म्हणाल्या, आणि कागदावर 'कायम' लिहून सही केली.

त्या गेल्यावर काकूंनी मुलाला फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे जमादारांना सगळं ऐकू आलं.

"अरे, आम्ही येत नाही हो आता तुझ्याकडे राहायला. पेन्शन कायम झाली. इथेच राहू."

"अरेरे," मुलगा म्हणाला. "आम्ही किती वाट बघत होतो. बरं, बरं. चांगलं झालं पण."

काकूंनी फोन ठेवला. जरा वेळ तो हातातच धरून उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्याने अरेरे जरा लवकरच म्हटलं, नाही?"

जमादारांनी ते ऐकलं होतं. त्यांच्या कानाला ते बायकोच्या आधी कळलं होतं. त्या 'अरेरे'मधली मोकळी झालेली हवा, त्यानंतरचं 'बरं, बरं', मागे सुनेने भांडं ठेवल्याचा आवाज. यावरून त्यांनी कुणालाही पाच मिनिटांत बोलतं केलं असतं.

"अगं, चौथा मजला आहे," ते म्हणाले. "धाप लागली असेल."

काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. जमादारांनी नजर वळवली नाही. पुरावा होता, साक्षीदारही होता, पण सरकार पक्षाला खटला चालवायची इच्छा नव्हती. त्यांनी संशयिताला सोडून दिलं आणि पडदा बाजूला सारून ते काकूंना म्हणाले, "चल, जरा बाहेर जाऊन येऊ. एकच काठी दे."